अण्णांची पद्मिनी आणि माझी वही

हळू बोला वहिनी. अण्णा मागच्या अंगणात गाडीखाली आडवे झालेत, पण कान कुंपणाकडंच आहेत. तुम्हाला म्हणून सांगते, पुढं बोलू नका. त्या पद्मिनीचा सगळा हिशेब माझ्याकडं आहे. त्यांच्या घरात नाही, माझ्या कपाटात! काकूंनीच वही आणून दिली. म्हणाल्या, तुम्ही पतसंस्थेत जन्मभर लोकांची कर्जं तपासलीत, आता एवढं आमचं बघा. ह्यांच्या हातात पैसा राहिला तर ते गाडीला झुंबरसुद्धा लावतील.

तुमच्या चिरंजीवानं मारुती ८०० हेरून ठेवलीय, ती खाली बसवायची, रुंद टायर घालायचे, सायलेन्सर बदलायचा असं चाललंय ना? मग ऐकाच. गॅस बंद करून आलेय, घाई नाही.

अण्णांनी रिटायर झाल्यावर चार लाख बाजूला काढले होते. त्यात गाडी घ्यायची, नीट करायची, वर थोडी नटवायची. गाडी कुठली, तर १९८६ची पद्मिनी. त्यांच्या वडिलांनी त्या काळात नंबर लावला होता, आणि तो येईपर्यंत घरातली हौस संपली. तेव्हा तसंच होतं की! मोटारीला वर्षानुवर्षं थांबायचं, आणि ज्याचा नंबर लागला तो घेतलेली गाडी जादा भावानं विकून मोकळा. तर वडिलांची राहिलेली इच्छा पोरानं साठीत पुरी केली. त्याला माझी हरकत नाही. आपण कोल्हापूरकर दसऱ्याला राजवाड्यातली मेबॅक बघत लहानाचे मोठे झालो, जुन्या गाडीचं वेड इथं पाण्यातच आहे.

पण हौस वेगळी आणि खर्चाचा क्रम वेगळा. नव्वद हजाराला गाडी आली गडहिंग्लज भागातून. पहिल्याच महिन्यात अण्णांनी काय केलं असेल? चकचकीत अलॉय आणि त्यावर रुंद टायर, शेहेचाळीस हजार. म्युझिक सिस्टीम, अठरा हजार. मरून रंगाची सीट कव्हरं शिवून घेतली, एकवीस हजार. झाले ना पंच्याऐंशी हजार? गाडीची किंमत धरून पावणेदोन लाख गेले, आणि तोवर बॉनेट उघडून एकदा कुणी आत बघितलं नव्हतं.

मग त्यांनी काकूंना पन्हाळ्याला नेलं.

जाताना छान गेली म्हणे. उतरताना चौथ्या-पाचव्या वळणापासून ब्रेक दाबला की पाय नुसता आत जायला लागला. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. सारखे दाबत उतरलं की ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात. त्यात आतले व्हील सिलिंडर गळत होते ते निराळंच. अण्णांनी दुसऱ्या गिअरात टाकून, हँडब्रेक ओढत कशीबशी खाली आणली. काकू घरी आल्या त्या तशाच माझ्याकडं, चप्पलसुद्धा काढली नाही. दुसऱ्या दिवशी वही माझ्या हातात.

मी चार पानं केली. कागद, थांबणं, चालणं, दिसणं. आणि अण्णांना बजावलं की आधीचं पान पुरं झाल्याशिवाय पुढच्या पानावर रुपया जाणार नाही. उरले होते सव्वादोन लाख. त्यातले पन्नास हजार मी पहिल्यांदाच वेगळे काढले आणि त्या ओळीला नाव दिलं, हातचा. अण्णा म्हणाले, हे कशाला? मी म्हटलं, घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून आणि जुनी गाडी पाहावी उघडून. अजून उघडायचीय तुमची.

कागदाचं पान सगळ्यांत कंटाळवाणं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं तेच. ऐका तरी. मूळ मालक वारलेले. गाडी विकली त्यांच्या मुलानं, पण आरसी बुकावर नाव अजून वडिलांचंच. आधी वारसाच्या नावावर करायची आणि मग आपल्या. एक बहीण हुबळीला, तिची संमती आणायला अण्णा स्वतः गेले. बरं, बुकावर एका बँकेचा बोजा! कर्ज केव्हाच फिटलेलं, पण त्या माणसानं बोजा उतरवूनच घेतला नव्हता. त्या बँकेचं नाव आता पाटीवर कुठं राहिलंय? ती ज्या बँकेत मिसळली तिथून ना-हरकत पत्र आणायचं. आणि गाडी १९८९च्या आधीची, म्हणजे एमएच नंबर सुरू व्हायच्या आधीची. असल्या गाड्यांची नोंद बऱ्याचदा आरटीओच्या संगणकावर नसतेच, जुन्या रजिस्टरातून ती चढवून घ्यावी लागते. तोवर पुढचं एक पान हलत नाही.

त्यात फेरनोंदणीची मुदत आठ महिन्यांपूर्वी संपलेली. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण. एप्रिल २०२२च्या आधी ह्याची फी सहाशे होती. मग पाच हजार झाली. आणि ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. उशिराच्या दर महिन्याला पाचशे वेगळे. वर पर्यावरण कर, पीयूसी, आणि थर्ड पार्टी विमा तीन हजार चारशे सोळा, कारण इंजिन १०८९ सीसीचं, हजाराच्या वरच्या गटातलं. सगळं धरून बावीस हजार एकट्या कागदांना. अण्णांनी ह्यातला एक आकडासुद्धा धरला नव्हता. तुमच्या पोरानंही धरला नसणार, पैज लावते.

नाही नाही, पंधरा वर्षांनी गाडी भंगारात घालावी लागते हे दिल्लीचं. तिकडं पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांची आडकाठी घातली, ती व्हॉट्सअ‍ॅपवरून आपल्याकडं आली. आपल्याकडं गाडी तपासणीत पास झाली की चालते. आणि ती जुन्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ नोंदणी असते ना, तिला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हायला लागतात. अण्णांची गाडी २०३६ साली व्हिंटेज होईल. शिवाय ती नोंदणी केली की गाडी रोज भाजीला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. काकूंना ती कल्पना फार आवडली होती.

मग थांबणं. ब्रेकचं काम पुरं केलं, मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, लायनर, होजपाइप, आणि ड्रम लेथवर घासून घेतले. अठ्ठावीस हजार. मेकॅनिक म्हणत होता, पुढं मारुतीच्या डिस्क बसवून देतो. मी विचारलं, आहे ते नीट केलं तर थांबेल का? थांबेल म्हणाला. मग आहे तेच नीट करा. डिस्क बसवायची म्हणजे हब बदला, ब्रॅकेट घडवा, मास्टर सिलिंडर बदला, आणि कारखान्यात जे कुणी जुळवलं नाही ते गॅरेजमधल्या पोराच्या अंदाजावर सोडा. माझं मत विचाराल तर ब्रेक आणि स्टिअरिंग ह्या दोन गोष्टींत कल्पकता नको. किंगपिन आणि बूश बदलले, सोळा हजार. वायरिंग सगळंच नवं, चौदा हजार. अण्णा कुरकुरले, वायर कुणाला दिसते? पण जुन्या वायरीचं वेष्टण बोटानं चुरलं की पडत होतं, आणि त्याच वायरीवर ह्यांनी ती मोठ्या आवाजाची सिस्टीम जोडलेली! गाडीनं पेट घेतला नाही ही अंबाबाईची कृपा.

आता चालणं. इथं मी एकच अट घातली, इंजिन उघडल्याशिवाय अंदाजाचा आकडा घ्यायचा नाही. मेकॅनिकनं वरवर बघून पंचेचाळीस हजार सांगितले होते. उद्यमनगरात लेथवर ब्लॉक नेला, तिथल्या माणसानं माप लावलं आणि मान हलवली. आधी कुणीतरी बोअर केलेलं होतं. अजून एकदा होईल, ओव्हरसाईज पिस्टन मिळतायत तोवर. त्यापुढं स्लीव्ह बसवावी लागेल. क्रँकही घासायचा निघाला. झाले एकसष्ट हजार. ह्यात कुणी फसवलं नाही हो. बंद इंजिनाचा आकडा कुणी छातीठोक सांगत असेल तर एकतर तो जास्त सांगून ठेवतो, नाहीतर मागाहून वाढवतो.

पेट्रोलच्या नळ्याही सगळ्या बदलायला लावल्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं. आपल्याच उसाचं, आपण कोल्हापूरकरांनी तक्रार कुठल्या तोंडानं करायची! पण त्या काळचं रबर ह्या पेट्रोलासाठी केलेलं नाही. ते फुगतं, चिरतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत पाणी धरायची भीती. कार्बोरेटरचे गॅस्केट, पंपाचा पडदा, नळ्या, हे सगळं नवं घातलेलं बरं. खर्च हजारांत, पण गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर काय होईल ते सांगायला नको.

सुटे भाग? मिळतात अजून. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोड. गाडीसुद्धा कुर्ल्याचीच की! वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात व्हायची. इटलीच्या फियाट ११००चं बूड, सत्तरच्या दशकात नाव पद्मिनी पडलं आणि शतक संपता संपता कारखान्यातून यायची थांबली. मुंबईत टॅक्सीच ती असल्यामुळं भागांना इतकी वर्षं गिऱ्हाईक होतं. ३० ऑक्टोबर २०२३ला तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली. आता काही वस्तूंना हौशी लोकांचाच बाजार राहिला, म्हणजे भाव विकणारा ठरवणार. म्हणून मी अण्णांना यादी करायला लावली. दाराच्या काचेचं रबर, पुढचे इंडिकेटर, गिअरच्या दांड्याची बूश, पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगपाशी असतो ना, ती. असलं दिसेल तिथं आधी घेऊन ठेवायचं. पिस्टन, लायनर कामाच्या वेळी घेतले तरी चालतात. आणखी एक, सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी अठ्ठावीसचा अठरा टक्के झाला. पक्कं बिल मागितलं तरच त्याचा उपयोग, कच्च्या चिठ्ठीवर दुकानदार जुनाच भाव लावतो.

मधेच अण्णांच्या डोक्यात आलं, एवढं करायचंच तर एस्टीमचं इंजिन बसवू, पाच गिअर, खाली दांडा, एसी. गॅरेजमध्ये सगळे माना डोलावणारच, काम त्यांना मिळतंय. मी म्हटलं, आरसी बुकावर इंजिन नंबर आहे, सीसी आहे, त्याचं काय? कारखान्यानं दिलेल्या मूळ रचनेला सोडून गाडी बदलता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्यानंतर कायद्यात दंडही आला, अशा प्रत्येक बदलामागं पाच हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याच बनावटीचं इंजिन बदललं तरी नंबर नोंदवावा लागतो. रंग बदलायला हरकत नाही, पण तोही बुकावर चढवायचा. आणि दंडाचं एक वेळ सोडा हो. अपघात झाला आणि विमेवाल्यानं विचारलं, हे इंजिन कुठलं? तर त्या दिवशी नुकसानभरपाई कुणाच्या घरातून जाणार? अण्णा गप्प बसले. एसीही गेला यादीतून. इंजिनच चाळीस घोड्यांचं, त्यातले चार एसीनं खाल्ले तर पन्हाळ्याला ढकलत न्यायची का?

तर वहिनी, इंजिन झालं आणि माझ्याकडं चौतीस हजार उरले, हातचे पन्नास सोडून. मग मागचं मॅटिंग उचललं. खालची फरशीच नव्हती! पाय ठेवायच्या जागी पत्रा गंजून चाळण झालेला, वर कुणीतरी डांबर फासून कार्पेट घातलेलं. नवा पत्रा कापून वेल्डिंग केलं, बुडाला गंजरोधक मारलं. अडतीस हजार. आता कळलं अण्णांना, हातचा कशाला ते. त्यातले चार काढले.

पत्र्याच्या कामात मी एक शहाणपणा केला, तो तुमच्या पोरालाही सांगा. पैसे तीन हप्त्यांत द्यायचे, आणि दुसरा हप्ता लांबी भरायच्या आधी, उघडा पत्रा डोळ्यांनी बघून. एकदा लांबी चढली की खाली वेल्डिंग आहे का वर्तमानपत्र कोंबलंय, कुणाला कळतंय? गाडी विकत घेतानाही खिशात साधं लोहचुंबक ठेवावं. दाराच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानीला लावून बघायचं. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, लांबी आहे. अण्णांच्या गाडीच्या डाव्या दाराला ते चुंबक अजून चिकटत नाही.

दिसण्याचं पान म्हणून कोरं आहे. रंगवाल्यानं पंच्याण्णव हजार सांगितलेत, सगळ्या काचा, रबरं, पट्ट्या काढून, आत-बाहेर. ते मी मान्य केलेत, कारण काचा न काढता कागद चिकटवून मारलेला स्वस्त रंग दुसऱ्या पावसाळ्यात कडांनी फुगतो. पण पैसे कुठायत? अलॉय विकायला लावले, इचलकरंजीच्या एका पोरानं चोवीस हजाराला नेले, शेहेचाळीसचे चोवीस! जुने रिम होते म्हणून बरं, त्यावर मूळ मापाच्या नव्या टायरना अठरा गेले. स्टिअरिंग लगेच हलकं झालं. त्या रुंद टायरनी अण्णांचे खांदे भरून यायचे, पॉवर स्टिअरिंग थोडंच आहे तिला. आज वहीत बावन्न हजार शिल्लक आहेत आणि गाडी अशी, दोन दारं पांढरी, एक करडं, बॉनेटवर प्रायमर. अण्णांना लाज वाटते बाहेर काढायला. मला विचाराल तर गल्लीतली सगळ्यांत विश्वासाची गाडी तीच. परवा जोतिबाला जाऊन आले दोघं, काकू उतरताना झोपल्या होत्या म्हणे.

रंग पुढच्या वर्षी. अण्णांनी महिन्याला चार हजार माझ्याकडं द्यायचे ठरलंय. काल म्हणत होते, क्रोमचा बंपर तेवढा करू दे. मी नाही म्हटलं. मग गाडीखाली गेले ते आत्तापर्यंत तिथंच.

आता तुमच्या पोराचं. मारुती ८०० चांगली निवड आहे, भाग कुठल्याही गावात मिळतात, मेकॅनिकला शिकवावं लागत नाही. पण खाली बसवायची म्हणजे गॅरेजवाले स्प्रिंगच कापतात. तसलं करू देऊ नका. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागा सोडते, आणि आपल्याकडं खड्डे शोधायला लागत नाहीत. रुंद टायर कमानीला घासतात, बेअरिंग खातात, आणि आठशे सीसीच्या जिवाला जड पडतात. सायलेन्सरचा नाद तर सोडाच. पोलीस जप्त करून रोलरखाली घालतात, पेपरात फोटो बघितलाच असेल. काचांना काळी फिल्म नको. पुढून-मागून सत्तर टक्के आणि बाजूनं पन्नास टक्के उजेड आत यायलाच पाहिजे, नियम आहे तो. अनेक सुरांचा हॉर्नही चालत नाही.

मग करायचं काय, असं तो तोंड वाकडं करून विचारेल. बरंच आहे. चांगले टायर मूळ मापाचे. हेडलाइटला रिले घालून नवी वायर, नुसत्या तेवढ्यानं रात्रीचा उजेड केवढा वाढतो बघा. नवे सीट बेल्ट, नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, रेडिएटर साफ. आणि शेवटी रंग, त्याला पाहिजे तो, भडक पिवळा का असेना, फक्त बुकावर चढवून. त्याच्याकडं दीड लाख आहेत म्हणता ना? मग गाडी साठच्या आत घ्यायची, पस्तीस हातचा ठेवायचा, उरलेल्या पंचावन्नात काय बसतं ते बघायचं. गाडीवरच सव्वा लाख घातले तर पुढची तीन वर्षं ती तुमच्या दारात ताडपत्रीखाली उभी राहील, आणि रोज मला ती ह्या कुंपणावरून बघायला लागेल.

सौद्याचा बयाणा अजून दिला नाही ना? मग रविवारी सकाळी त्याला माझ्याकडं पाठवा. मोबाइलमधले गाडीचे फोटो नकोत, ते गोडच असतात. आरसी बुकाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, बॉनेटखालच्या चेसी नंबरचा कागदावर पेन्सिलीनं घासून घेतलेला ठसा, आणि मालक हयात आहे का त्याची खात्री, एवढं घेऊन यायला सांगा.